कोरी नळी

“हे गाईच्या स्वादुपिंडातून काढलेलं असतं,” सरवदे सर म्हणाले. “चालेल ना तुम्हाला?”

त्यांनी बोटभर उंचीची बाटली माझ्यापुढे धरली होती. तळाशी चिमूटभर पांढरी पूड. हात पुढे करून घ्यायची, एवढंच काम. पण माझे हात आपोआप पाठीमागे गेले.

“चालेल की सर. तेवढी टेबलावर ठेवता का? मी घेते.”

सरांनी बाटली क्षणभर तशीच धरून ठेवली. मग ती टेबलावर ठेवली, खिडकीकडे तोंड केलं आणि कामाचं सांगायला लागले. औरंगाबादच्या त्या कॉलेजातला माझा पहिला दिवस होता आणि तो पहिल्या पाच मिनिटांतच मी घालवला, हे मला समजलं. का घालवला, ते मात्र समजलं नाही. मला वाटलं, यांनी माझे हात पाहिले.

माझ्या तळहातांना घाम येतो. येतो म्हणजे असातसा नाही. बसल्या बसल्या बोटांच्या टोकांवर थेंब जमतात आणि खाली टपकतात. घरचं माणूस समोर असलं तर कमी, परकं असलं तर जास्त, आणि कुणी हाताकडे पाहिलं तर विचारूच नका. शाळेत पेपर लिहिताना मनगटाखाली रुमाल, त्याखाली आणखी एक रुमाल, तरी शेवटच्या पानाचा लगदा व्हायचा. एका नागपंचमीला मी नलूबरोबर फुगडी धरली. ऐन वेगात आलो आणि ती माझ्या हातातून निसटून ओट्याच्या कडेवर आपटली. पुढचा दात गेला तिचा. तिची आई म्हणाली, “हात आहेत का मासोळ्या गं तुझ्या?” त्यानंतर मी फुगडीला हात दिला नाही आणि खरं सांगायचं तर कशालाच दिला नाही. हळदीकुंकवाला वाण ताटात ठेवून ताट पुढे करायची. कुणाला चहा द्यायचा तर कप टेबलावर टेकवायची. मोठ्या माणसांना लांबूनच नमस्कार. आमच्या बीडच्या घरी सगळे कौतुकानं म्हणायचे, कालिंदी फार मर्यादेची आहे हो. मीही म्हणून घ्यायची. घामट म्हणवून घेण्यापेक्षा ते बरं होतं.

सरवदे सर उंच, हडकुळे, कमी बोलणारे. हात खडूनं कायम पांढरे आणि कोरडेठाक, भेगा पडलेले. मला त्या हातांचा हेवा वाटायचा. मुश्ताक म्हणून माझ्याआधी आलेला एक विद्यार्थी होता, पैठणचा. त्याला सर ‘मुश्ताक, अरे मुश्ताक’ करायचे. मला मात्र ‘चौसाळकर, तुम्ही’. वयानं मी मुश्ताकपेक्षाही लहान. पण सरांच्या तोंडून मला कधी ‘तू’ आलं नाही आणि मीही ते मनाला लावून घेतलं.

शिकवायचे मात्र जीव ओतून. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक लांब सुतळी आणली. तिच्यावर आठ ठिकाणी तारेचे हूक बांधले होते.

“हे आपलं एन्झाइम,” सर म्हणाले. “रायबोन्यूक्लिएज. अन्नातलं आरएनए तोडून पचवणारं. तयार होतं तेव्हा असं दोरीसारखं लांब असतं. दोरीला काही पचवता येतं का? नाही येत. ती स्वतःभोवती गोळा होते, वळते, दुमडते. मग हूक हुकात अडकतात, चार जोड्या होतात आणि मधे एक खोबण तयार होते. त्या खोबणीत पचवायचं काम चालतं. कुठला हूक कुठल्या हुकात जायचा, हे कोण सांगतं तिला?”

“कुणीच नाही,” मुश्ताक म्हणाला. त्यानं ते आधी ऐकलेलं असणार.

“कुणीच नाही. दोरीलाच ठाऊक असतं. पण मधे कुणी लुडबुड केली, दोरी ताणून ठेवली आणि तशातच हूक अडकू दिले, तर ज्याला जो सापडेल तो त्यात अडकतो. अशा चुकीच्या गाठी पडलेलं एन्झाइम दिसायला एन्झाइमच असतं. पचवत मात्र काही नाही.”

ती लुडबुड करायचं काम आमचं. युरिया घालून एन्झाइम उलगडायचं, सडक्या अंड्यासारखा वास मारणारा एक द्रव घालून हूक सोडवायचे आणि मग मुद्दाम उलट्या क्रमानं, आधी द्रव आणि मग युरिया, दोन्ही काढून घ्यायचे, की पडल्याच चुकीच्या गाठी. त्या वासाच्या द्रवाचा थेंब पुन्हा घातला की गाठी सुटतात आणि एन्झाइम पुन्हा नीट दुमडतं, हे जगाला माहीत होतं. सरांचं म्हणणं त्याच्या पुढचं होतं. थेंबही नको, बाहेरची कसलीच मदत नको. नुसता वेळ द्या, ऊब द्या. चुकीच्या गाठी एन्झाइम आपल्या आपण सोडवतं.

हे सिद्ध झालं असतं तर सरांच्या नावावर आयुष्यातली पहिली मोठी गोष्ट लागली असती. निवृत्ती जवळ आली होती आणि कॉलेजला ती प्रयोगशाळा बंद करून तिथं संगणक बसवायचे होते. माझंही सगळं त्यावरच अडकलेलं. अनुदान देणाऱ्या पुण्याच्या समितीनं शिफारस केली तर प्रयोगशाळा राहणार आणि मला पीएचडीची जागा मिळणार. नाही केली तर बीड. तिथं बाबांनी परळीचं एक स्थळ हेरून ठेवलं होतं आणि माझ्याकडून होकार आल्यासारखंच सगळे वागत होते.

तपासणी सोपी असायची. नळीत आरएनएचं पाणी घ्यायचं, त्यात एन्झाइमचा थेंब टाकायचा. नळीच्या तोंडावर अंगठा दाबून ती दोनदा उलटीसुलटी करायची, म्हणजे नीट मिसळतं. मग कोमट पाण्यात अर्धा तास. नंतर ॲसिड. आरएनए शाबूत असेल तर नळी दुधाळ होते, एन्झाइमनं ते तोडलं असेल तर पाण्यासारखी राहते. अंगठा लावायची पद्धत सरांच्या गुरूंची, त्यांच्याकडून सरांकडे आणि सरांकडून आमच्याकडे आलेली. बुचं शोधत बसायचं कशाला, अंगठा तर सगळ्यांनाच असतो.

बाकी नळ्यांबरोबर एक नळी अशी करायची, जिच्यात एन्झाइम टाकायचंच नाही. पुस्तकात तिला ब्लँक म्हणतात. सर मराठी शाळेत शिकलेले, ते तिला कोरी नळी म्हणायचे. ती दुधाळच व्हायला हवी. तिच्यावरून बाकीच्यांचं खरंखोटं ठरतं. एन्झाइमच्या नळ्या मी करायची. कोरी नळी सर स्वतः करायचे, वेगळ्या स्टँडमध्ये.

“पूर्वी असं नव्हतं,” मुश्ताक मला एकदा म्हणाला. “कोरी नळी पण मीच करायचो. तू आलीस आणि सरांनी हे नवीनच काढलं.”

“माझ्यावर भरवसा नसेल,” मी म्हटलं.

“भरवशाचं काय माहीत नाही. पण तू लिहिलेल्या चिठ्ठ्या बघितल्या की वाटतं, बाई भर पावसात बसून लिहितात.” असं म्हणून तो हसला. त्यानं माझे हात पाहिले होते आणि त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं. मला मात्र दिवसभर वाटत राहिलं.

जानेवारीत सुरुवात केली. चुकीच्या गाठी पडलेलं एन्झाइम आम्ही कोमट पेटीत ठेवलं आणि आठवड्याला त्यातला थेंब काढून तपासायला लागलो. जानेवारीत माझ्या नळ्या कोऱ्या नळीइतक्याच दुधाळ. फेब्रुवारीत जरा पातळ. होळी झाली आणि नळ्या ताकाच्या निवळीसारख्या दिसायला लागल्या. एप्रिलमध्ये स्वच्छ. सरांची कोरी नळी मात्र पहिल्या दिवसापासून तशीच दुधाळ. गाठी सुटत होत्या, आपल्या आपण, सर म्हणाले होते तशा. मुश्ताकनं मोठ्या कागदावर आलेख काढून भिंतीला लावला. खाली महिने, वर चढत जाणारी रेघ. सर येता-जाता त्याच्यापुढे थांबायचे. एकदा थांबले ते तास संपल्याची घंटा झाली तरी हलले नाहीत.

एप्रिलच्या शेवटी पुण्याहून डॉक्टर पै बाई आल्या. समितीतर्फे त्या एकट्याच. मी आईची इस्त्रीची साडी नेसले होते आणि कमरेला दोन रुमाल खोचले होते. सर बाईंना घ्यायला फाटकाकडे गेले ते प्राचार्यांच्या खोलीत अडकले. इकडे प्रयोग दाखवायचा तर नळ्या अर्धा तास आधी कोमट पाण्यात जायला हव्यात.

“कोरी नळी राहिली,” मी म्हटलं.

“तूच कर,” मुश्ताक म्हणाला. “उगीच कशाला खोळंबा?”

मी केली. आरएनएचं पाणी घेतलं, अंगठा दाबला, दोनदा उलटीसुलटी, ठेवली. सरांच्या कामाला हात लावला म्हणून जरा भीती वाटली खरी, पण तेवढंच.

पै बाई आल्या. छोट्याशा, पांढऱ्या केसांच्या, चालणं भरभर. आलेख पाहून त्या थेट माझ्याकडे आल्या आणि हात पुढे केला.

“हे सगळं तू केलंस? शाबास.”

मी दोन पावलं मागे सरून हात जोडले. बाईंचा हात हवेतच राहिला.

“अगदी जुन्या वळणाची दिसते मुलगी,” त्या हसून म्हणाल्या.

“हो,” सर म्हणाले. “आमच्या चौसाळकर कुणाच्या हातात हात देत नाहीत.”

ते हसून म्हणाले नाहीत. माझे कान तापले. बाईंसमोर माझ्या हातांवरून मला टोमणा मारला, असं मला वाटलं आणि रुमाल मुठीत इतका आवळला की तो टपकायला लागला.

सरांनी ॲसिडची बाटली घेतली. आधी कोरी नळी उचलली, तशी त्यांची रीतच होती.

“हिच्यात एन्झाइम नाही. आता दूध होईल, बघा.”

ॲसिड पडलं. नळी पाण्यासारखी स्वच्छ राहिली. सरांनी ती हलवली, उजेडात धरली. काही नाही. बाईंनी नुसता चष्मा वर केला.

“मुश्ताक,” सर म्हणाले, “नळ्या कुणी धुतल्या?”

“मी, सर.”

“ह्याला धुणं म्हणतात? आज, आजच्या दिवशी?”

मुश्ताकनं मान खाली घातली. नळ्या तो किती निगुतीनं धुतो ते मला ठाऊक होतं, आणि कोरी नळी कुणी केली ते त्याला ठाऊक होतं. तरी त्यानं माझं नाव घेतलं नाही.

“सर, त्याचं काही नाही,” मी म्हणाले. “कोरी नळी मी केली. तुम्हाला उशीर झाला म्हणून.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. “का केलीत?” एवढंच म्हणाले आणि उत्तराची वाट न पाहता दुसरी नळी घेऊन स्वतः कोरी नळी करायला बसले. पुन्हा अर्धा तास थांबणं आलं. मुश्ताकनं चहा सांगितला. मी कप बाईंपुढे टेकवला, सरांपुढे टेकवला आणि भिंतीला टेकून उभी राहिले.

“काय उकडतं हो तुमच्याकडे,” बाई फाइलीनं वारा घेत म्हणाल्या. “त्या पेटीचं तापमान वाढत नाही ना याने?”

“छे,” सर म्हणाले. “पेटी कायम एकाच तापमानावर. पाणी तेच, पूड तीच, नळ्या त्याच. जानेवारीपासून आम्ही काहीही बदललेलं नाही.”

मी समोरच्या आलेखाकडे पाहत होते. खाली जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. वर चढत जाणारी रेघ. थंडीत माझे हात जरा माणसात असतात. होळीनंतर सुटतात. एप्रिल-मेमध्ये मी दाराची कडी लावायला गेले तरी हात सरकतो.

त्या भिंतीवर एन्झाइमचा आलेख नव्हताच. माझ्या घामाचा होता. तो तिथं टांगलेला होता आणि सर त्याच्यापुढे उभे राहत होते.

सरांच्या नळीत ॲसिड पडलं आणि ती दाट दुधाळ झाली. मग माझ्या एन्झाइमची नळी, ती स्वच्छ. सरांनी दोन्ही शेजारी शेजारी धरल्या. मी त्यांना कधी हसताना पाहिलं नव्हतं, तेव्हा पाहिलं.

“मघाची नळी खराब असणार,” बाई म्हणाल्या आणि पेन काढलं. “सरवदे, अभिनंदन. मी शिफारस करते. हैदराबादच्या परिषदेत तुम्ही हे मांडायलाच हवं.”

मी गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? मला जागा मिळत होती, परळी टळत होती. पण सर हैदराबादला जाणार, व्यासपीठावर उभे राहणार, आणि मग कुठल्यातरी प्रयोगशाळेत कोरड्या हाताचं कुणीतरी हाच प्रयोग करणार. त्याची नळी दुधाळ होणार. सरवदे खोटं बोलले, असं सगळे म्हणतील. चौसाळकर घामट होती, असं म्हणायला कुणी येणार नाही.

“मॅडम,” मी म्हणाले, “सही जरा थांबवता का? अजून तीन नळ्या करायच्या आहेत. तिन्ही कोऱ्या. एक सरांच्या अंगठ्यानं, एक मुश्ताकच्या आणि एक माझ्या.”

“चौसाळकर, काय चाललंय?” सर म्हणाले.

बाईंनी पेनला टोपण लावलं. “करू दे तिला.”

तो अर्धा तास मी कसा काढला ते मला विचारू नका. सर माझ्याकडे पाठ करून उभे होते. शेवटी बाईंनी स्वतः ॲसिड घातलं. सरांची नळी दुधाळ. मुश्ताकची दुधाळच, पण थोडी पातळ. माझी पाण्यासारखी.

“हात दाखव,” बाई म्हणाल्या.

मी दाखवले. तिघांच्या देखत, खिडकीच्या उजेडात, तळवे वर करून. आयुष्यात पहिल्यांदा. पाहणारे होते म्हणून हातांना आणखी चेव आला. करंगळीच्या टोकावर थेंब जमला, लोंबला आणि फरशीवर पडला. मुश्ताकनं नजर दुसरीकडे वळवली. त्यानं तसं केलं नसतं तर बरं झालं असतं.

“घामात असतं हे,” बाई म्हणाल्या. “तुमच्या त्या बाटलीतल्या एन्झाइमचंच भावंड. सगळ्यांच्याच हाताला असतं, हिच्याकडे जरा सढळ आहे. अगं, लाजायचं काय त्यात?” कोरड्या हाताची माणसं असंच म्हणतात. मग त्या सरांकडे वळल्या. “तो अंगठा बंद करा आता. बुचं उकळून घ्या आणि पुन्हा पहिल्यापासून करा. येईल ते मला कळवा. शिफारस आज नाही करता येणार.”

मुश्ताक त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेला. प्रयोगशाळेत आम्ही दोघंच उरलो. सरांनी आलेख भिंतीवरून काढला, नीट गुंडाळला आणि स्टुलावर बसले. एकदम म्हातारे दिसायला लागले.

“आधी का नाही सांगितलंत?”

“काय सांगणार होते सर? हाताला घाम येतो म्हणून? लाज वाटायची. आणि मला वाटायचं, तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हाला किळस येते. मघाशी बाईंसमोर तुम्ही तसं म्हणालात सुद्धा.”

“किळस?” सरांनी वर पाहिलं. “मला?”

“हात देत नाही म्हणालात.”

सर गुंडाळलेल्या कागदाला सुतळी बांधत राहिले.

“पहिल्या दिवशी मी बाटली धरली,” ते म्हणाले, “ती तुम्ही हातात घेतली नाहीत. चहाचा कप कधी हातात दिला नाहीत. दिवाळीला फराळाचा डबा आणलात, तो टेबलावर ठेवलात आणि मागे सरलात. आडनाव चौसाळकर. आमच्या गावात शाळेत पाटी तपासायला द्यायची असली, की महारवाड्यातल्या पोरांनी ती जमिनीवर ठेवायची आणि मागे सरायचं. मग मास्तर उचलणार. मागे किती सरायचं, ते मला अजून ठाऊक आहे. तुम्ही बरोबर तेवढंच सरलात.”

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणताहेत. कळलं तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. हातांची लाज मला जन्मापासून होती, तिची सवय होती. ही तशी नव्हती. घरी सगळे मर्यादेची म्हणायचे आणि मी म्हणून घ्यायची, ते मला आठवलं आणि कानशिलं फुटतील असं वाटलं.

“सर, तसं कधीच...”

“आता कळलं की.”

“तुम्ही मला विचारलं का नाहीत?”

“हे कसं विचारायचं?” सर म्हणाले. “तुम्ही नाही म्हणाला असता, आणि मला ते खरं वाटलं नसतं.” मग थोड्या वेळानं, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं म्हणाले, “कोरी नळी तेव्हापासून मी वेगळी करायला लागलो. माझा अंगठा लागलेल्या नळ्या तुम्हाला चालतील की नाही, कोण विचारत बसणार? म्हटलं, आपली एक वेगळी ठेवावी.”

ती वेगळी ठेवली नसती, तर फेब्रुवारीतच माझ्या हाताची कोरी नळी पातळ झाली असती आणि काय चुकतंय ते आम्हाला कळलं असतं. हे सरांना माझ्याआधी उमगलं असणार.

पुढे आम्ही बुचं उकळून सगळं पुन्हा केलं. गाठी सुटल्या नाहीत. महिने गेले, पावसाळा संपला, तरी एन्झाइमच्या नळ्या दुधाळच राहिल्या. वासाच्या द्रवाचा एक थेंब घातला की मात्र एन्झाइम ताळ्यावर यायचं, सगळ्या जगाला माहीत होतं तसं. सर ते पाहून म्हणाले, “नाहीच सुटत आपल्या आपण.” शिफारस आली नाही. प्रयोगशाळेत संगणक आले. परळीचं स्थळ मात्र मीच मोडलं आणि अंबाजोगाईला बारावीच्या पोरांना शिकवायला लागले. तिथं पहिल्या दिवशी मी त्यांना माझे हात दाखवते, मग बुचांचा डबा दाखवते.

पण त्या दुपारचं राहिलं. सर उठले, बाही वर सारली आणि म्हणाले, “हात रिकामे ठेवून बसवत नाही. एक कोरी नळी करू.”

मी धुतलेली नळी उचलली, तिच्यात आरएनएचं पाणी भरलं आणि सवयीनं टेबलावरच्या स्टँडकडे न्यायला लागले. तेवढ्यात पाहिलं, तर सरांनी हात पुढे केलेला. खडूनं पांढरा, भेगाळलेला, तळवा वर.

मी नळी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात घाईनं पदराला पुसायला लागले.

“पुसू नकोस,” सर म्हणाले. “दे.”

मी दिली. काच माझ्या बोटांतून सटकलीच, पण त्यांनी नळी माझ्या बोटांसकट धरली आणि नीट पकड येईपर्यंत सोडली नाही. मग तिच्या तोंडावर अंगठा दाबला आणि वर्षानुवर्षांच्या सवयीनं दोनदा उलटीसुलटी केली.

अर्ध्या तासानं त्यांनी तिच्यात ॲसिड घातलं. सरांच्या हातची कोरी नळी त्या दिवशी पहिल्यांदा दुधाळ झाली नाही.